नोकरी सोडताना कागदपत्रे कशी पूर्ण करावीत

राजीनामा ईमेलने द्यावाच, शिवाय लेखी प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण नोटिशीचे दिवस तिथून मोजले जातात. ओळखपत्र, लॅपटॉप, चाव्या परत करणे आणि 'नो ड्यूज'वर, म्हणजे कोणत्याही विभागाची येणी बाकी नसल्याच्या पत्रावर, सह्या गोळा करणे कंटाळवाणे आहे, पण अवघड नाही. अवघड असतो तो भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत कर्मचारी विभाग सांभाळताना नोकरी सोडून गेलेली माणसे माझ्याकडे परत आली ती बहुतेक वेळा याच कामासाठी, त्यामुळे 'पीएफचे नंतर बघू' हा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये.

नोटिशीच्या काळातच यूएएन (पीएफ खातेदाराचा कायमचा क्रमांक) पोर्टलवरील नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव आधारशी ताडून पाहावे. गोव्यात हे विशेष गरजेचे आहे. जुन्या जन्मदाखल्यावर शंकर हे नाव पोर्तुगीज वळणाने 'एक्स'ने सुरू होते आणि आधारवर 'एस'ने. आडनावांचीही तीच गत, आणि लग्नानंतर बदललेल्या नावांची तर विचारूच नये. आधारने पडताळलेला यूएएन 1 ऑक्टोबर 2017 नंतरचा असेल तर बहुतेक दुरुस्त्या स्वतः करता येतात. त्याआधीचा असेल तर कंपनीची मंजुरी लागते, आणि ती मंजुरी देणारा माणूस तुम्ही नोकरीत असेपर्यंतच सहज भेटतो.

यानंतरचा टप्पा नोकरी सोडल्याच्या तारखेचा. ही तारीख कंपनीने पोर्टलवर भरायची असते. माझ्या एका जुन्या कंपनीने माझी तारीख भरलीच नव्हती आणि ती भरून घेण्यासाठी मला अनेक खेपा घालाव्या लागल्या. कंपनीने टाळाटाळ केली, तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मधील 'मार्क एक्झिट' वापरून कर्मचारी स्वतः ती भरू शकतो. मात्र पोर्टल फक्त शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातील तारीख स्वीकारते, आणि फसगत होते ती इथेच. समजा, तुमचा शेवटचा दिवस 10 एप्रिल आहे. त्या दहा दिवसांचा पगार अंतिम हिशेबात अडकला आणि त्याची वर्गणी भरली गेली नाही, तर पोर्टलला मार्च हाच शेवटचा महिना दिसतो. घाईने मार्चची तारीख भरली की ती रिलीव्हिंग लेटरशी, म्हणजे कंपनीच्या कार्यमुक्तीच्या पत्राशी, जुळत नाही, आणि एकदा नोंदलेली तारीख सहज बदलता येत नाही. म्हणून एप्रिलची वर्गणी, जी 15 मेपर्यंत भरायची असते, पासबुकात दिसल्याशिवाय या पर्यायाला हात लावू नये. रिलीव्हिंग लेटर, अंतिम हिशेब आणि पीएफ या तिन्ही ठिकाणी एकच तारीख असली पाहिजे.

आखातात किंवा जहाजावर जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. पीएफचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. विमानात बसण्यापूर्वी घाईघाईने सिम बंद केले, आणि दोन महिन्यांनी कंपनीने तारीख भरलीच नसल्याचे कळले, तर परदेशात बसून काहीही करता येत नाही. तो क्रमांक चालू ठेवावा, रोमिंग घ्यावे, खर्च होऊ द्यावा.

नवी नोकरी भारतातच असेल तर पैसे काढू नयेत, जुना यूएएन देऊन खाते वर्ग करून घ्यावे. नवा यूएएन काढून देतो म्हणणाऱ्याला स्पष्ट नकार द्यावा. सेवा सलग मोजली गेली तर दहा वर्षांनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. शिवाय पाच वर्षे पूर्ण होण्याआधी पन्नास हजार किंवा त्याहून अधिक रक्कम काढल्यास कर कापला जातो.

कायम नोकरीत पाच वर्षे झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल कंपनी देते त्या एकरकमी रकमेचा, लेखी अर्ज लगेच द्यावा. ती 30 दिवसांत मिळायला हवी. शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागून 15 ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणावे. सहा महिन्यांहून अधिक उरलेला काळ पूर्ण वर्ष धरावा, आणि कंपनीचा आकडा याच्याशी ताडून मगच अंतिम हिशेबावर सही करावी.