चार लाडू, चार रात्री

माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. बौद्धिक अक्षमता, त्यात फिट्स. घरी सगळे त्याला दादाच म्हणतात. तो २४ वर्षांचा होईपर्यंत त्याला सोडून मी एक रात्रही कुठे राहिले नव्हते. मग माझं ऑपरेशन निघालं आणि त्याला घाईघाईने एका वसतिगृहात ठेवावं लागलं. आठ दिवस पोरगं धड जेवलं नाही. म्हणून सांगते, मुलाला आपल्यावाचून राहायची सवय तुम्ही हिंडत्या-फिरत्या असतानाच लावा.

सुरुवात दोन तासांची करा, तीही घरीच. पोळ्यांच्या मावशींना वरचे पैसे देऊन मी महिनाभर रोज त्याच्याजवळ नुसतं बसवलं. पहिला आठवडा मी आतल्या खोलीत होते, मग भाजीला जायला लागले, मग दिवसभर बहिणीकडे. निघताना गुपचूप सटकू नका. त्याच्यासमोर चप्पल घाला, ‘येते रे’ म्हणा आणि निघा. रडला तरी. एकदा सटकलात की पुढे तुम्हाला बाथरूमलासुद्धा एकटं जाऊ देणार नाही.

मुक्कामाची सोय शोधताना राष्ट्रीय न्यासाच्या (अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था) ‘समर्थ’-‘घरौंदा’ या निवासी योजनेतलं केंद्र जवळपास आहे का ते आधी बघा. नसेल तर निवासी संस्थांकडे चौकशी करा. खाट रिकामी असली तर काही जण आठवडाभर ठेवून घेतात. जागा बघायला जेवणाच्या वेळेला जा. ताटात काय पडतं, भरवणारी बाई तोंडाकडे बघते की मोबाईलकडे, संडासाची कडी बाहेरून उघडते का, रात्री जागं कोण असतं, फिट आली तर कुठला दवाखाना? ऑफिसातल्या भिंतीवरचे सत्काराचे फोटो मी बघत नाही.

कागद एका फाइलीत लावा: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), औषधांची चिठ्ठी, न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं कार्ड (वर्षाला १ लाखापर्यंतचा खर्च मिळतो). मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याने आपण आपोआप पालक राहत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालकत्वाचं प्रमाणपत्र देते. तो अर्ज आधीच करून ठेवा.

फाइलीपेक्षा मोलाची त्याच्या सवयींची वही. दोनच पानं, मोठ्या अक्षरात. आमच्या वहीत आहे: पाणी स्टीलच्या पेल्यातच पितो. कानावर हात ठेवला म्हणजे शू लागली. आणि लाल पेनाने: ‘दुखतंय का?’ विचारू नका, तो कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘कुठे दुखतंय, हात लाव’ म्हणा. फिट किती मिनिटं चालली तर दवाखान्यात न्यायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घेऊन त्याच पानाला चिकटवलंय.

आता लाडू. दादाला तारीख कळत नाही, म्हणून चार रात्रींच्या मुक्कामाला डब्यात चार बेसनाचे लाडू दिले. रोज रात्री एक, डबा रिकामा झाला की आई येणार. पठ्ठ्याने पहिल्याच संध्याकाळी चारही संपवले आणि पिशवी घेऊन फाटकाशी जाऊन बसला! तेव्हापासून डबा तिथे सांभाळणाऱ्या ताईंच्या कपाटात असतो.

फोन दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी, आणि ताईंशी. माझा आवाज ऐकला की तो रडतो, मग मीही.

त्या चार दिवसांत मी काय केलं? पहिले दोन दिवस झोपले. तिसऱ्या दिवशी बहिणीबरोबर नरसोबाच्या वाडीला गेले, घाटावर पाय सोडून बसले, येताना कंदी पेढे घेतले. शेजारच्या काकू म्हणाल्याच, “टाकून आलीस पोराला?” मी म्हटलं, “काकू, तुम्ही घेता का चार दिवस?” विषय संपला.

आणायला जाल त्या दिवशी घरी पाहुणे नकोत. स्वतः आंघोळ घाला, अंगावर कुठे वळ-ओरखडा आहे का बघा, गोळ्यांची पाकिटं मोजा. तो रुसेल. दादा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता, पेढे मात्र पिशवीतून शोधून काढले. आणि त्याची बॅग रिकामी करायच्या आधी कालनिर्णयावर पुढची तारीख लिहा. मी ‘बघू नंतर’ म्हटलं, तर मध्ये अकरा महिने गेले.