किनाऱ्यावर पोस्टिंग आली तर: मराठवाड्याच्या नव्या अभियंत्यांसाठी

दरवर्षी आमच्या बीड-लातूरकडची दोन-चार पोरं स्थापत्यची परीक्षा पास होतात आणि ऑर्डर येते कोकणातली. घरात आनंद आणि काळजी दोन्ही एकदम. मायचा पहिला प्रश्न असतो, "तिकडं भाकरी मिळंल का रं?" मी दापोली तालुक्यात कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्याही घरी हेच झालं. म्हणून आता ज्यांना ऑर्डर आलीय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग नकाशावर एक सलग रेघ दिसतो. जागेवर गेलं की तो खाड्यांपाशी तुटतो. दाभोळला रस्ता संपतो, गाडी फेरीबोटीत चढवायची आणि पलीकडं धोपाव्याला उतरायचं. एकीकडं समुद्र, दुसरीकडं जांभ्याचा कापलेला डोंगर, मधे जेमतेम दोन गाड्यांची वाट.

आपल्याकडं रस्ता फोडते ती काळी माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मग साईडपट्टीला लांबच लांब भेगा पडतात. मी तेच डोक्यात घेऊन गेलो होतो, नजर कायम डांबरावर. केजकडं वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिकडं 3000 च्या वर. एवढ्या पाण्यात डांबर बघून काही कळत नाही. आधी डोंगराचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघावं लागतं. गटार, रस्त्याखालून पाणी काढणारी मोरी, संरक्षक भिंतीतली पाणी जायची भोकं, ही तुमची खरी कामं. एक भोक चिखलानं बुजलं की भिंतीमागं पाणी साठतं आणि धडधाकट भिंत पोट काढते.

हे मला आमच्या मुकादमांनी शिकवलं. जुलैतली रात्र, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कापलेल्या दरडीखाली आम्ही उभे. त्यांनी बॅटरी झाडावर मारली नाही, दगडावर मारली नाही. कातळातून करंगळीएवढी धार गळत होती, तिच्यावर धरली आणि बघत राहिले. बराच वेळ पाणी नितळ होतं. मग म्हणाले, "सायेब, पानी तांबडा झाला. आता गाडी सोडू नका." आम्ही दोन्ही बाजूंना पिंपं आडवी लावली. पहाटेच्या आत दरड रस्त्यावर आली. पाणी गढूळ झालं म्हणजे आतून माती सुटायला लागली, एवढा साधा हिशोब. वाकलेली झाडं आणि माथ्यावरच्या भेगा दिवसा बघून ठेवायच्या, अंधारात शोधत बसायच्या नाहीत.

चूक माझ्याकडूनही झाली. पहिल्या मे महिन्यात मी मोऱ्यांची पाहणी मोटारसायकलवरून केली. एका मोरीचं वरचं तोंड साफ दिसलं, वहीत बरोबरची खूण केली. खालचं तोंड नारळाच्या सोडणांनी आणि मुळ्यांनी गच्च भरलं होतं. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून गेलं आणि सात-आठ मीटर साईडपट्टी कापून घेऊन गेलं. रात्री तिथून दुधाची गाडी जायची. ती त्या दिवशी उशिरा निघाली, म्हणून वाचली. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

भरती-ओहोटी शिकून घ्या. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की खाडीकडच्या मोऱ्यांतून पाणी उतरत नाही, उलट आत शिरतं. पिचिंगचं, म्हणजे काठाला दगड बसवायचं काम ओहोटीतच होतं. तिकडच्या मच्छीमारांचा ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. गावागणिक थोडं मागंपुढं होतं, म्हणून तिथल्या माणसाला विचारून घ्यायचं.

पुलांखाली उतरायचा कंटाळा करू नका. खारी हवा काँक्रीटमधल्या सळीला खाते. आधी तपकिरी डाग दिसतात, मग बारीक भेग. छोटी हातोडी जवळ ठेवा. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं, सुटलेलं भदभद. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला, दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. कुठल्याही जुन्या पुलाखाली उभं राहिलं की मला तेच आठवतं.

गणपतीआधीचे पंधरा दिवस झोप विसरा. मुंबईचे चाकरमानी येणार, त्याआधी खड्डे भरायचे आणि पाऊस तर चालूच. ओल्या खड्ड्यात गरम डांबर धरत नाही. कडा चौकोनी कापा, पाणी उपसा, कोरडं होत नसेल तर कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता भरायचं डांबर-खडीचं मिश्रण, नाहीतर खडी दाबून वेळ भागवा. पक्कं काम उघडीप मिळाल्यावर.

राहण्याचं म्हणाल, तर खोली डोंगराच्या पायथ्याला घेऊ नका, भाडं कमी असलं तरी. मोजमाप पुस्तिका प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, कपाटातसुद्धा बुरशी येते. गाडीच्या साखळीला दर आठवड्याला तेल. आणि ज्वारीचं पीठ नेऊ नका, ज्वारी न्या. दमट हवेत पीठ लवकर कडू पडतं. तिथल्या गिरणीवाल्यानं मला तांदळाच्या दळणानंतर दर रविवारी दोन किलो ज्वारी दळून दिली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, झाडं पडून रस्ते बंद झाले, चूल पेटवायची सोय नव्हती, तेव्हा त्याच गिरणीवाल्याच्या घरातून मला ताटभर भात आला. माणसं तुम्हाला उपाशी ठेवणार नाहीत.

आता मी बीड जिल्ह्यात परत आलोय. आपल्याकडं दरडी नसतात असं मात्र समजू नका. 31 ऑगस्ट 2021 ला कन्नडच्या औट्रम घाटात दरडी कोसळल्या आणि गाड्यांच्या रांगा अडकून पडल्या. आमच्याकडं मोऱ्यांत सोडणं नसतात, उसाचं पाचट असतं.

रुजू झाल्या दिवशी शाखेतून मोऱ्यांची यादी मागून घ्या. मे महिन्यात प्रत्येक मोरीपाशी गाडी उभी करा, खाली उतरा, वाका. पलीकडचा उजेड दिसला तरच वहीत खूण करा.