यीस्टला साखर किती? माझ्या पहिल्या प्रयोगाची फजिती

पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टला हा विषय घेतला तो सोपा वाटला म्हणून. फ्लास्कमध्ये यीस्ट, साखर, कोमट पाणी. तोंडाला फुगा लावायचा आणि वाट बघायची. साखर जास्त तर वायू जास्त, हा निष्कर्ष आधीच डोक्यात तयार होता. 1, 5, 10, 20 आणि 30 टक्के असे पाच फ्लास्क मांडले. अर्ध्या तासाने 5 टक्क्यांचा फुगा ताठ उभा आणि 30 टक्क्यांचा मलूल लोंबकळत होता. मी वहीत लिहून मोकळा झालो: "30 टक्क्यांत यीस्ट मेलं."

तो फ्लास्क धुवायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर फुगा टम्म!

झालं होतं असं. दाट साखरपाण्यात परासरणामुळे पेशीतलं पाणी बाहेर खेचलं जातं, पेशी आक्रसते आणि तिचं काम मंदावतं. मग ती स्वतःच्या आत ग्लिसरॉल साठवायला लागते, आतबाहेरचा मेळ बसतो आणि किण्वन, म्हणजे साखर मोडून वायू सोडण्याचं काम, उशिरा का होईना, वेग धरतं. 1 टक्क्याची गोष्ट याच्या उलट. तिथे सुरुवातीला अडचण काहीच नसते, पण फ्लास्कमधल्या 50 मिलीत साखर असते फक्त अर्धा ग्रॅम. अर्धा ग्रॅम ग्लुकोज पूर्ण संपलं तरी 25 अंश सेल्सिअसला कार्बन डायऑक्साइड मिळणार जेमतेम 135 मिली. त्यातला 40 मिलीपर्यंत तर त्याच पाण्यात विरघळून राहू शकतो. म्हणजे एकाला सुरुवात जमत नाही, दुसऱ्याची शिदोरी लवकर संपते. कोण पुढे, हे तुम्ही केव्हा बघता त्यावर ठरतं. म्हणून दर दहा मिनिटांनी रीडिंग घ्या आणि वेग व एकूण वायू यांचे आलेख वेगवेगळे काढा.

व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मात्र मी अडकलो ते भलतीकडेच. "20 टक्के द्रावण कसं केलंत?" 100 मिली पाण्यात 20 ग्रॅम साखर टाकली, असं मी ऐटीत सांगितलं. तसं केलं की द्रावण साधारण 112 मिली होतं, म्हणजे टक्के भरतात जेमतेम 18. साखर आधी कमी पाण्यात विरघळवा, मग 100 च्या खुणेपर्यंत पाणी घाला. शिवाय साखर कोणती तेही ठरवून घ्या. तेवढ्याच टक्क्यांच्या ग्लुकोजमध्ये रेणूंची संख्या सुक्रोजच्या (म्हणजे आपल्या नेहमीच्या साखरेच्या) जवळजवळ दुप्पट असते, त्यामुळे पाण्याची ओढही तेवढीच जास्त. सुक्रोज घेतलं तर यीस्टचं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) त्याचे तुकडे करत जातं, आणि ही ओढ प्रयोग चालू असतानाच वाढते. अर्धे फ्लास्क याचे, अर्धे त्याचे, असलं काही करू नका.

यीस्टही मोजून द्यायला हवं. एकाच चंचुपात्रातून पिपेटने काढताना मी ढवळायचंच विसरायचो. यीस्ट तळाला बसायचं आणि शेवटच्या फ्लास्कला गाढा भाग मिळायचा. प्रत्येक वेळी ढवळा. पाचही फ्लास्क एकाच वॉटर बाथमध्ये (तापमान कायम राखणाऱ्या पाण्याच्या टबात) 30 ते 35 अंशांना ठेवा.

फुगा दिसायला छान, मोजायला बेभरवशाचा, कारण प्रत्येक रबर वेगळं ताणतं. मला शेवटी तराजूच कामी आला. तोंडाला सैल कापूस लावून फ्लास्कचं वजन किती घटतं ते बघायचं. 10 टक्क्यांच्या 50 मिलीत 5 ग्रॅम ग्लुकोज असतं, त्यातून जास्तीत जास्त 2.44 ग्रॅम वायू निघतो. वजनापूर्वी फ्लास्क बाहेरून कोरडा पुसा, नाहीतर वॉटर बाथच्या चार थेंबांत रीडिंग वाहून जातं. बिनयीस्टचा एक फ्लास्क ठेवलात तर बाष्पीभवनाची घटही कळते. बिनसाखरेच्या फ्लास्कमध्ये थोडे बुडबुडे दिसले तर दचकू नका, यीस्ट आपल्या आत साठवलेलं ग्लायकोजेन मोडत असतं.