ट्रेलसाठी पहिली डर्ट बाइक घेताना

पहिला प्रश्न सीसीचा नाही. गाडी घरापासून चालवत नेणार की पिकअपमध्ये घालून, हे आधी ठरवा. कावासाकीच्या केएलएक्स ११० किंवा केएक्स २५० सारख्या गाड्यांची आपल्याकडे आरटीओत नोंदणीच होत नाही. त्या ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच चालवायच्या. पुण्याहून निघून मुळशी-भोरकडच्या कच्च्या वाटा धरायच्या असतील, तर नंबरप्लेट मिळणारी गाडी हवी. हिरो एक्सपल्स २००, तिची थोरली बहीण २१० किंवा कावासाकी केएलएक्स २३० ही त्यातली सरळ नावं.

मग वजन बघा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. केएलएक्स २३० साधारण १४० किलोंची, एक्सपल्स २०० फोरव्ही (चार व्हॉल्व्हवाली २००) १६०च्या आसपास आणि रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० जवळजवळ २०० किलोंची. ट्रेलवर गाडी पडतेच, दिवसातून अनेकदा पडते. मित्राकडे तुमच्या मनातलं मॉडेल असेल तर ते गवतावर आडवं करा आणि एकट्याने उचलून बघा: गाडी गिअरमध्ये, पाठ सीटला टेकलेली, जोर पायांचा. लागोपाठ तीनदा उचलता आली नाही, तर हलकी गाडी शोधा.

सीटची उंची बूट घालूनच तपासा. एक्सपल्स २०० फोरव्हीची ८२५ मिमी, केएलएक्स २३० ची ८८०. सपाट फरशीवर चवडे टेकले म्हणून निर्धास्त होऊ नका. उतारावर खालच्या बाजूच्या पायाला जमीन सापडत नाही आणि गाडी तिकडेच कलंडते.

जुनी गाडी घेताना घाई अजिबात नको. मालकाला आधीच सांगा, इंजिन गरम करून ठेवू नका. गेल्यावर इंजिनला हात लावून बघा आणि थंड गाडी स्वतः चालू करा. शॉकअपच्या दांड्यांवर तेलाची ओल दिसली तर सील गेलंय. इंजिनखाली लाकडी ठोकळा लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू इकडून तिकडे फिरवा. मध्येच खटकन अडलं तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलावा लागेल. मागचं चाक धरून आडवं हलवा, ढिलेपणा जाणवला तर चाकाचं बेअरिंग किंवा स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश झिजलेत. प्रत्येक स्पोकवर पान्याने टकटक करा: घट्ट स्पोक खणखणतो, ढिला बद्द वाजतो. एअर फिल्टर उघडायला लावा. आतल्या बाजूला, फिल्टरच्या पलीकडे, बारीक लाल माती सापडली तर ती इंजिनात गेलेली आहे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडा.

चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा, कर्ज असेल तर बँकेची एनओसी मागा, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या.

गाडीच्या बजेटातूनच हेल्मेट, नी-गार्ड आणि घोट्याच्या वर येणारे कडक बूट बाजूला काढा. पडलेल्या गाडीखाली आधी घोटाच सापडतो. त्यासाठी गाडी एक वर्ष जुनी घ्यावी लागली तरी चालेल.

शेवटी सायलेन्सर. मोठ्या आवाजाचा बसवलेला असेल तर मूळचा मागून घ्या आणि तोच लावा. भीमाशंकर, कोयना यांसारख्या अभयारण्यांतल्या जंगलवाटांवर परवानगीशिवाय गाडी नेताच येत नाही. बाकीच्या बऱ्याच वाटा कुणाच्या तरी शेतातून आणि वाडीतून जातात. तिथे थांबून, विचारून, हळू गेलात तर पुढच्या खेपेला कुणी वाट अडवत नाही.