फादरांच्या कॉलेजात केमिस्ट्री: पावसाळी लॅबपासून शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत

बारावीनंतर बीएस्सीला केमिस्ट्री घ्यायची आणि कॉलेज फादरांचं किंवा सिस्टरांचं, असं ठरलं की घरात पहिला प्रश्न वातावरणाचा निघतो. गोव्यात म्हापशाचं सेंट झेवियर्स १९६३ सालचं, नुवे इथलं मुलींचं कार्मेल १९६४ सालचं. दोन्ही ख्रिस्ती संस्थांची कॉलेजं, पण पदवी मिळते ती गोवा विद्यापीठाची. सकाळच्या सभेत प्रार्थना होते तेव्हा शांत उभं राहिलं की पुरे. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारी मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत संमतीशिवाय कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर संमती पालकांची लागते. प्रवेश घेताना खरं विचारायचं ते वेगळंच: कॉलेज स्वायत्त आहे का? स्वायत्त असेल तर अभ्यासक्रम आणि पेपर तिथेच ठरतात, आणि दुसऱ्या कॉलेजातल्या ताईच्या नोट्स आंधळेपणानं वापरता येत नाहीत.

गोव्यात नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून पदवीला लागू झालं. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची (क्रेडिट्सची), चार वर्षांची १६०. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा एक म्हणजे ३० तास. म्हणजे प्रॅक्टिकलला गुण कमी आणि वेळ दुप्पट. म्हणूनच मुलं तिकडे दुर्लक्ष करतात, आणि तिथेच फसतात. पुस्तकातली केमिस्ट्री वाचून भरून काढता येते. हाताला लागलेली चुकीची सवय तिसऱ्या वर्षी सुटत नाही.

मायनर, म्हणजे केमिस्ट्रीच्या जोडीचा दुय्यम विषय, निवडताना गणिताला घाबरून पळू नका. फिजिकल केमिस्ट्रीत डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रल आणि लॉगरिदमशिवाय एक पान सरकत नाही. पुढे आयआयटीत एमएस्सी करायची असेल तर जॅम परीक्षेच्या केमिस्ट्री पेपरातही थोडं गणित असतं: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. गणित मायनर नको असेल तर निदान बारावीचं कॅल्क्युलसचं पुस्तक रद्दीत देऊ नका.

जून-जुलैची लॅब

पहिलं सत्र भर पावसात सुरू होतं. चपला घालून लॅबमध्ये येऊ नका. बंद बूट आणि कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा आणि दारात बदला. कोट सुतीच हवा. सिंथेटिक कापड ज्योतीजवळ वितळून कातडीला चिकटतं.

आपल्या हवेत नाव घेण्याजोगा त्रास देतं ते सोडियम हायड्रॉक्साइड. ०.१ मोलर द्रावणाला लिटरमागे ४ ग्रॅम लागतात, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जुलैत बाटलीचं झाकण उघडून गोळ्या वॉचग्लासवर टाकल्या की मिनिटा-दोन मिनिटांत त्यांना पाणी सुटतं, काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वर चढत राहतो आणि काच बुळबुळीत होते. वजनात तेव्हा पाणीही आलं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइडही. म्हणून चौथ्या दशांशापर्यंत वजन करण्यात अर्थ नाही. झटपट साधारण ४ ग्रॅम घ्या, विरघळवा आणि खरी तीव्रता ऑक्झॅलिक ॲसिडशी टायट्रेट करून काढा.

ऑक्झॅलिक ॲसिड मात्र नेमकं तोलायचं, कारण सगळं गणित त्यावर उभं असतं. ते दोन पाण्याच्या रेणूंसह येतं, रेणुभार १२६.०७. ०.०५ मोलरचं २५० मिली करायला १२६.०७ × ०.०५ × ०.२५ = १.५७६ ग्रॅम. हमखास होणारी चूक म्हणजे ओलसर वाटतं म्हणून ते ओव्हनमध्ये ठेवणं. ११० अंशांना स्फटिकातलं पाणी उडून जातं, रेणुभार १२६ राहत नाही आणि द्रावण हिशेबापेक्षा तीव्र होतं. ते ओव्हनमध्ये टाकायचंच नाही. वजन बरोब्बर १.५७६ यावं म्हणून चिमूट चिमूट टाकत बसण्याचीही गरज नाही. बाटलीसकट आधी आणि नंतर तोला, फरक लिहा. १.५८२० आलं तर तीव्रता ०.०५०२ मोलर, बस्स.

परमँगनेटचं टायट्रेशन, सावकाश

हा एक प्रयोग मन लावून जमवला तर बाकीची सगळी टायट्रेशनं सोपी होतात.

ब्युरेट नळाच्या पाण्यानं, मग डिस्टिल्ड वॉटरनं, मग ज्या द्रावणानं भरायची त्याच द्रावणाच्या ५ मिलीनं दोनदा विसळा. पिपेटही तिच्या द्रावणानं. कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनं. तो ऑक्झॅलिक ॲसिडनं विसळलात तर भिंतींना चिकटलेलं जास्तीचं ॲसिड रीडिंग वाढवतं. ब्युरेटच्या टोकात, तोटीच्या खाली, बुडबुडा अडकलेला असतो. तो पहिल्या रीडिंगनंतर निघाला तर अर्धा मिलीही चुकू शकतो. आधीच तोटी झटक्यात उघडून घालवा.

पिपेटनं १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड घ्या. शेवटचा थेंब फुंकू नका, टोक काचेला टेकवून धरा; आत राहिलेला थेंब मोजमापात आधीच धरलेला असतो. त्यात साधारण १० मिली सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा. वाफ दिसायला लागते आणि फ्लास्क हातात जेमतेम धरवतो, तेवढंच. उकळलं तर ऑक्झॅलिक ॲसिडचं विघटन होतं. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घ्यायचं नाही, कारण परमँगनेट क्लोराइडलाच ऑक्सिडाइझ करायला लागतं आणि रीडिंग फुगतं.

पहिले थेंब पडले की गुलाबी रंग जाता जात नाही, आणि नवीन मुलं तिथेच एंड पॉइंट समजून थांबतात. थांबू नका, फ्लास्क फिरवत राहा. या अभिक्रियेला वेग देतो तो तिच्यातूनच तयार होणारा मँगनीज(II) आयन. तो थोडा साठला की पुढचे थेंब पडताक्षणी विरतात. शेवटी पुन्हा थेंबाथेंबानं, आणि फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की एंड पॉइंट. मध्येच द्रावण तपकिरी, गढूळ झालं तर ते मँगनीज डायऑक्साइड: ॲसिड कमी पडलं, फ्लास्क थंड झाला किंवा तुम्ही घाई केलीत. ते रीडिंग वाचवायला जाऊ नका, टाकून द्या. परमँगनेट गडद असल्यानं खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून वरची कड वाचा, सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा तीच.

हिशेब: परमँगनेटचे २ मोल ऑक्झॅलिक ॲसिडच्या ५ मोलांना पुरतात. ०.०५०२ मोलरच्या १० मिलीत ०.५०२ मिलिमोल, त्याचे दोन पंचमांश ०.२००८. रीडिंग ९.८ मिली आलं तर ०.२००८ ÷ ९.८ = ०.०२०५ मोलर. लागोपाठ दोन रीडिंग ०.१ मिलीच्या आत जुळेपर्यंत करा. शेजाऱ्याशी जुळवून घेतलेली तीन सारखी रीडिंगं परीक्षकाला लगेच कळतात.

सुट्ट्या आणि बाटल्या

चतुर्थीला घरी जाताना आणि नंतर नाताळच्या सुट्टीत लॅबमधली द्रावणं तशीच राहतात. दुसऱ्या सत्राचा डिसेंबर तर तुकड्यातुकड्यांत जातो: ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण), मग नाताळ. परत आल्यावर बाटलीवर लिहिलेल्या तीव्रतेवर विश्वास ठेवू नका. थायोसल्फेट जिवाणूंनी आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं बिघडतं, परमँगनेट उजेडात स्वतःच विघटित होतं (म्हणून तपकिरी बाटली), स्टार्चला तर दोन-तीन दिवसांत वास येतो. स्टार्च दर वेळी ताजा करा, बाकीची पुन्हा प्रमाणित करा. लेबलवर नाव, तीव्रता आणि तारीख, तिन्ही हवीत.

उन्हाळ्याचं वेगळं. डायएथिल ईथर ३४.६ अंशांना उकळतं आणि मे महिन्यात लॅब त्याच्या जवळपास पोचते. ईथर चालू असताना खोलीत कुठेही ज्योत नको, दूरच्या टेबलावरसुद्धा. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते आणि टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत पोचते. लिकर अमोनियाची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवा, मग फ्यूम हुडमध्ये तोंड आपल्यापासून दूर करून उघडा.

ऑर्गॅनिक: स्फटिक आणि बाण

रिक्रिस्टलायझेशनमध्ये दोन ठिकाणी माल जातो. पहिलं, पाणी जास्त घालणं: २ ग्रॅम बेंझॉइक ॲसिडला उकळतं पाणी ५० ते ६० मिली पुरतं, १५० घातलं तर जवळजवळ पाव उत्पन्न गाळलेल्या पाण्यातच विरघळून राहतं. दुसरं, गरम गाळणी: थंड फनेलच्या नळीत स्फटिक धरून नळी बंद होते. आखूड नळीचा फनेल आधी गरम करा आणि चुण्यांचा कागद वापरा. ॲसिटॅनिलाइड करताना तळाशी तेलाचे थेंब दिसले तर घाबरू नका; ८३ अंशांच्या वर पाणी कमी पडलं की ते तेलासारखं वेगळं होतं. थोडं गरम पाणी घालून पुन्हा विरघळवा, मग सावकाश थंड होऊ द्या.

आणि मेल्टिंग पॉइंट काढण्याआधी वाळवा. बेंझॉइक ॲसिड १२२ अंशांना, ॲसिटॅनिलाइड ११४ ला वितळतं. तुमचं जर १०८ ते ११३ असं पसरलं, तर पावसाळ्यात बऱ्याचदा दोष संश्लेषणाचा नसून ओलाव्याचा असतो. डेसिकेटरमधलं सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालं असेल तर तो डेसिकेटर म्हणजे नुसता काचेचा डबा. जेल ओव्हनमध्ये तापवून निळं करून घ्या आणि नमुना रात्रभर ठेवा.

थिअरीत अभिक्रिया पाठ करण्याआधी पीकेएचे (आम्लाची ताकद सांगणारा आकडा; जितका लहान, तितकं आम्ल तीव्र) पाच आकडे पाठ करा: ॲसेटिक ॲसिड ४.८, फिनॉल १०, इथेनॉल १६, ॲसेटिलीन २५, अमोनिया ३८. कोण कुणाचा प्रोटॉन ओढून घेईल हे या पाचांवरून कळतं, आणि निम्म्या मेकॅनिझमचं पहिलं पाऊल तेच असतं. बाण नेहमी इलेक्ट्रॉनांपासून निघतो, धनभारापासून नव्हे. रोज एक मेकॅनिझम कोऱ्या कागदावर, पुस्तक मिटून. मराठी शाळेतून आलेल्यांनी विचार खुशाल मराठीत करावा, संयुजा आणि अवक्षेप म्हणतच. पण उत्तर इंग्रजीत लिहायचं असतं, म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटी पाच वाक्यं इंग्रजीत, न बघता लिहावीत.

इनऑर्गॅनिकच्या मिश्रणातले धातू गटागटानं खाली बसवून ओळखायचे असतात; त्यातली एकच जागा सांगून ठेवतो. तिसऱ्या गटाआधी हायड्रोजन सल्फाइड उकळून पूर्ण घालवा (शिसे ॲसिटेटचा कागद वाफेवर धरा, काळा होता कामा नये), मग तीव्र नायट्रिक ॲसिडचे दोन-तीन थेंब घालून पुन्हा उकळा. हे विसरलात तर लोह फेरस रूपातच राहतं, तिसऱ्या गटात पूर्ण खाली बसत नाही आणि पुढच्या गटात काळा अवक्षेप होऊन दिशाभूल करतं.

जर्नल

निरीक्षण सुट्या कागदावर लिहून घरी उतरवायचं नाही. थेट वहीत, पेननं. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, व्हाइटनर नाही. वेर्णे औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये हाच नियम असतो, आणि तिथे खाडाखोड केलेली नोंद म्हणजे न झालेली चाचणी.

प्रोजेक्ट: विहिरीतलं क्लोराइड

शेवटच्या वर्षी परदेशी पेपरातला विषय उचलण्यापेक्षा गावचं पाणी तपासा. खाजनाच्या (खाडीलगतच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) कडेच्या विहिरींत एप्रिल-मेमध्ये खारेपणा वाढतो का, हे मोह्र पद्धतीनं वीस मिनिटांत मोजता येतं. बाटली त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, वर विहीर, तारीख, वेळ आणि भरती की ओहोटी ते लिहा. २.३९५ ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट एक लिटरमध्ये, म्हणजे ०.०१४१ मोलर, त्याचा १ मिली म्हणजे ०.५ मिलिग्रॅम क्लोराइड. नमुना ५० मिली, त्यात पोटॅशियम क्रोमेटचा १ मिली. पिवळ्यावर विटकरी झाक आली की थांबा. डिस्टिल्ड वॉटरचं कोरं रीडिंग वजा करा, उरलेल्या मिलींना दहानं गुणा, लिटरमागे मिलिग्रॅम मिळतात. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली स्वीकारार्ह मर्यादा २५० आहे.

पीएच आधी तपासाच. सातच्या खाली क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि एंड पॉइंट उशिरा दिसतो. दहाच्या वर चांदी ऑक्साइड होऊन बसते. जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी असतं, तेव्हा चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट घाला. रीडिंग २५ मिलीच्या वर गेलं तर नमुना डिस्टिल्ड वॉटरनं पातळ करून पुन्हा घ्या. आणि पांढरा गाळ बेसिनमध्ये ओतू नका. त्यात चांदी आहे आणि क्रोमेट विषारी. दोन्ही एका तपकिरी बाटलीत साठवून लॅब असिस्टंटच्या हवाली करा.