तालावेराची ताटली: हाताने रंगवलेली की छापील?

माद्रिदच्या डिझाइन प्रदर्शनात मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या स्पेनमधल्या तालावेरा शहराची निळी-पिवळी ताटली मनात भरते, पण नक्षी हाताची की छापाची, हे चटकन कळत नाही.

एकाच नक्षीच्या दोन ताटल्या शेजारी ठेवा. हाताच्या कामात कुंचल्याच्या फराट्यांची जाडी, रंगाचा गडदपणा थोडा तरी बदलतोच. दोन्ही हुबेहूब जुळल्या तर छाप समजा. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेल्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर प्रश्नच मिटला, ती छापीलच. तळाशी सही असली तरी तेवढ्यावर भुलू नका, सहीसुद्धा छापता येते.

उचलण्याआधी विक्रेत्याला विचारा (फुटली तर पैसे भरावे लागतील!). जेवायला वापरणार असाल तर झिलई अन्नाला चालते का, तेही विचारा. काही ताटल्या फक्त भिंतीवर टांगण्यासाठी असतात.