उन्हाळ्यातली लांब सायकल राईड: पोट डचमळणं असं थांबलं

नागपुरात एप्रिल लागला की रामटेक रोडवर सकाळी आठलाच ऊन चटके देतं. परतताना पोट डचमळायचं, डोकं जड व्हायचं. नुसत्या पाण्याने भागत नव्हतं. उपाय वजनकाट्यावर सापडला. राईडच्या आधी आणि नंतर, घाम पुसून, वजन केलं. १ किलो घट म्हणजे साधारण १ लिटर घाम. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवलं की एकूण घाम कळतो. आता लिटरभर पाण्यात पाव चमचा मीठ, मूठभर साखर, अर्धं लिंबू, आणि दर १५ मिनिटांनी दोन-तीन घोट. पोट शांत! वेगाऐवजी हार्ट रेट बघतो, कारण उन्हात रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगालाही ठोके वाढतात. शरीराला ऊन सरावायला १० ते १४ दिवस लागतात, तोवर इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा आलटून-पालटून सराव) बंदच. बीपीवाल्यांनो, मिठाचं मात्र आधी डॉक्टरांना विचारा.